‘काका, बिगिनरसाठी हाच बेस्ट’: ॲटोमायझरच्या नावाखाली माझ्या भावाची झालेली फसवणूक

नाशिकमध्ये सध्या व्हॉट्सॲपवरून ई-सिगारेटचं सामान विकणारे काही नंबर फिरताहेत. त्यांतल्या एकाने माझ्या थोरल्या भावाला दोनदा लुटलं. पैशांपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे त्याने पाठवलेल्या वस्तूमुळे दादाच्या तोंडाशी स्फोट होऊ शकला असता. दादाला विचारूनच हे लिहितोय. तो म्हणाला, नाव नको टाकूस, बाकी सगळं सांग.

दादा अंबडला एका कंपनीत शिफ्टला आहे. कॉलेज सुटल्यापासून सिगारेट ओढतो. गेल्या वर्षी कंपनीच्या तपासणीत डॉक्टरांनी फुप्फुसांबद्दल स्पष्ट ताकीद दिली, तेव्हा त्याने सोडायचं मनावर घेतलं. सिगारेट सोडायला निघालेला माणूस किती अगतिक असतो हे घरात कोणी ओढणारं असेल तर तुम्हाला ठाऊक असेल. त्याच दिवसांत खात्यातल्या एका पोराने त्याला एक नंबर दिला. ई-सिगारेट घ्या, हळूहळू सुटते, असं सांगितलं.

नंबरवरचा मुलगा फार गोड बोलायचा. दादाने त्याला सरळ विचारलं, मला यातलं काही कळत नाही, सुरुवातीला कोणता ॲटोमायझर, म्हणजे ई-सिगारेटमधला लिक्विडची वाफ करणारा भाग, घ्यायचा? उत्तर आलं, “काका, बिगिनरसाठी हाच बेस्ट. हर्बल लिक्विड आहे, निकोटीन झिरो. आमच्याकडे लायसन्स आहे.” सोबत जीएसटी नोंदणीचा फोटो. किटचे 3,200 रुपये, लिक्विडचे 900 आणि घरपोच गुपचूप पोहोचवायचे 400. सगळे आगाऊ, यूपीआयने.

इथे थांबून कायद्याचं सांगतो, कारण पुढची सगळी फसवणूक त्याच्यावरच उभी आहे. भारतात 18 सप्टेंबर 2019 पासून ई-सिगारेटवर बंदी आहे. आधी वटहुकूम निघाला, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठवण, जाहिरात, सगळंच त्यात येतं. साठवणीला शिक्षा यापेक्षा कमी आहे, बाकीच्यांत पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. आणि कायद्याच्या व्याख्येतच म्हटलंय की पदार्थात निकोटीन असो वा नसो, तो तापवून ओढायला वाफ तयार करणारं विजेवरचं उपकरण म्हणजे ई-सिगारेट. म्हणजे ‘हर्बल आहे, झिरो आहे, म्हणून चालतं’ हे धादांत खोटं. ते विकायचं लायसन्स आज या देशात कोणाकडेच असू शकत नाही. जीएसटी नंबर म्हणजे कर भरायची नोंदणी, माल विकायची परवानगी नव्हे. दादाला यातलं काही माहीत नव्हतं, आणि विकणाऱ्याला सगळं माहीत होतं.

पार्सल आलं. संध्याकाळी दादाने ते जोडून दोन-तीन झुरके घेतले आणि थोड्याच वेळात वहिनींचा मला फोन आला, भावजी, यांना दरदरून घाम सुटलाय, ओकाऱ्या होताहेत, लवकर या. आम्ही तसेच त्याला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. नाडी खूप जोरात चालत होती. डॉक्टरांनी बाटली मागवून घेतली, लेबल वाचलं आणि म्हणाले, हे निकोटीन अंगावर आलंय. झिरो म्हणून विकलेल्या त्या बाटलीवर बारीक अक्षरात मिलिलिटरला 35 मिलिग्रॅम छापलेलं होतं.

माझं सातपूरला मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. तारेची कॉइल, तिचा रेझिस्टन्स, तिच्यातून जाणारा करंट हा माझा रोजचा धंदा. म्हणून दुसऱ्या दिवशी ते सगळं सामान मी दुकानात आणलं आणि एकेक भाग उघडून पाहिला. जे दिसलं त्याने माझे हात थंड पडले.

ॲटोमायझर म्हणजे मुळात छोटा हीटर. कॉइल, तिच्यात कापसाची वात, वातीत लिक्विड. कॉइल तापली की लिक्विडची वाफ होते. पण त्याचे प्रकार आहेत आणि त्यांत फार मोठा फरक आहे. एका प्रकारात कंपनीची बंद कॉइल येते, साधारण एक ओहमच्या वरची (ओहम हे रेझिस्टन्सचं माप, ते जितके कमी तितका करंट जास्त). झुरका सिगारेटसारखा आधी तोंडात घेतात, वाफ कमी, उष्णता कमी. दुसऱ्या प्रकारात कॉइल स्वतः गुंडाळायची, वात स्वतः भरायची, लिक्विड वरून थेंब थेंब टाकायचं. हा प्रकार वर्षानुवर्षं वापरणाऱ्या, ओहमचा हिशेब स्वतः करणाऱ्या हौशी लोकांचा. दादाला ‘बिगिनरसाठी’ म्हणून हा दुसरा प्रकार पाठवला होता, आत दोन जाड कॉइली आधीच बसवून.

साध्या मल्टिमीटरने अशा कॉइलचा रेझिस्टन्स नीट कळत नाही, कारण मीटरच्या वायरींचाच रेझिस्टन्स त्याहून जास्त भरतो. म्हणून मी पॉवर सप्लायवरून ठरवून एक अँपिअर करंट सोडला आणि कॉइलवर थेट व्होल्टेज मोजलं. 150 मिलिव्होल्टच्या आसपास आलं, म्हणजे 0.15 ओहम. भरलेला लिथियम सेल 4.2 व्होल्ट देतो. 4.2 भागिले 0.15, म्हणजे 28 अँपिअर. जवळजवळ 118 वॉट, ओठांपासून काही बोटांवर.

आणि ज्या नळीत सेल बसतो ती नुसती पोकळ नळी आणि एक बटण. आत सर्किट नाही. करंट जास्त झाला तर तोडणारं काही नाही, शॉर्ट झालं तर थांबवणारं काही नाही. माझ्या दुकानातल्या अर्ध्या एचपीच्या मोटरलासुद्धा मी ओव्हरलोड रिले लावल्याशिवाय गिऱ्हाइकाला देत नाही.

सेलवर 9900 एमएएच (सेल किती चार्ज साठवतो त्याचं माप) छापलं होतं. हा 18650 मापाचा सेल, म्हणजे 18 मिलिमीटर जाड आणि 65 मिलिमीटर लांब. या मापात नामांकित कंपन्यांचे चांगले सेलही 3500 च्या आसपासच असतात, 9900 त्यात मावूच शकत नाही. सराफ बाजारात ओळखीच्या सोनाराकडे काट्यावर ठेवला. अस्सल सेल 45 ग्रॅमच्या आगेमागे भरतो, हा त्याहून बराच हलका निघाला. वरचं रंगीत प्लास्टिक सोलल्यावर खाली दुसरंच जुनं वेष्टन. म्हणजे कुठल्या तरी टाकून दिलेल्या बॅटरी पॅकमधला सेल नवा कोट चढवून विकलेला. अशा सेलमधून 28 अँपिअर ओढले तर तो तापतो, फुगतो, त्यातून वायू सुटतो, आणि धातूच्या नळीत वायूला वाट मिळाली नाही तर नळी फुटते. हे मी घाबरवायला लिहीत नाही. अमेरिकेत 2018 मध्ये फ्लोरिडात आणि 2019 मध्ये टेक्सासमध्ये ई-सिगारेट फुटून माणसं मेली आहेत.

बाटलीचं आणखी एक सांगायचं राहिलं. तिच्यावर ‘मेड इन यूके’ होतं, माप 60 मिलिलिटर, निकोटीन 35 मिलिग्रॅम. ब्रिटनमध्ये ई-सिगारेट कायदेशीर आहे, पण तिथल्या नियमाप्रमाणे निकोटीनच्या लिक्विडची बाटली 10 मिलिलिटरपेक्षा मोठी चालत नाही आणि प्रमाण मिलिलिटरला 20 मिलिग्रॅमच्या वर जाऊ देत नाहीत. म्हणजे ही बाटली तिथल्या दुकानात उभीच राहू शकत नाही. तारीख नाही, बॅच नंबर नाही, कारखान्याचा पत्ता नाही. आणि एवढं तीव्र लिक्विड त्या 118 वॉटच्या कॉइलवर टाकलं की एका झुरक्यात किती निकोटीन अंगात जातं ते दादाच्या अवस्थेने दाखवलंच. ते त्वचेतूनही शोषलं जातं. घरात माझा लहान पुतण्या आहे, आणि ती बाटली रात्रभर टीव्हीखालच्या उघड्या कप्प्यात होती. हे आठवलं की मला आजही झोप येत नाही.

दादाने त्या मुलाला मेसेज केला, माल चुकीचा आहे, पैसे परत दे. उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी वेगळ्याच नंबरवरून फोन आला, हिंदीतून. मी कस्टम्समधून बोलतोय, तुमच्या नावाचं प्रतिबंधित पार्सल पकडलंय, तुमचा पत्ता आणि पेमेंटची नोंद आमच्याकडे आहे, आत्ता 18,000 दंड भरा नाहीतर नाशिक पोलिसांना कळवतो, नोकरी जाईल. डीपीला वर्दीतल्या माणसाचा फोटो. दादाचं पूर्ण नाव, घरचा पत्ता, भरलेली रक्कम, सगळं त्याने अचूक सांगितलं. सांगणारच, कारण ही माहिती फक्त त्या विकणाऱ्याकडेच होती. फोन चालू असतानाच दादाने 10,000 पाठवले आणि उरलेले उद्या देतो म्हणाला.

बंदी असलेली वस्तू विकणाऱ्याला खरा फायदा इथे मिळतो. साधी मिक्सरची फसवणूक झाली तर माणूस ग्राहक आयोगाकडे जाईल, दुकानासमोर उभा राहून चार शब्द सुनावेल. इथे गिऱ्हाईकच गप्प बसतं, आपलंच नाव बाहेर येईल म्हणून. ही भीती विकणाऱ्याच्या हिशेबात पहिल्या दिवसापासून धरलेली असते. माल वाईट पाठवला तरी चालतो, कारण तक्रार येणार नाही. आणि माल पाठवल्यावर त्याच भीतीवर दुसऱ्यांदा वसुली करता येते.

दादा मला काही सांगायला तयार नव्हता. वहिनींनी सांगितलं. मी तिथेच बसून 1930 ला फोन लावला. सायबर फसवणुकीसाठी हा देशभराचा एकच क्रमांक आहे. त्यांनी व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर, वेळ, कोणत्या खात्यातून कुठे गेले ते विचारलं. जितक्या लवकर फोन कराल तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त, कारण हे लोक पैसे तासाभरात पुढे सरकवतात. नंतर सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार भरली, चॅटचे स्क्रीनशॉट, लायसन्स म्हणून पाठवलेला जीएसटीचा फोटो, पार्सलचं वेष्टन, सगळं जोडलं आणि वस्तू सायबर पोलिसांकडे जमा केली. तिथल्या साहेबांनी दादाला पाणी दिलं, बसवलं आणि एकच गोष्ट दोनदा सांगितली. कुठलंही सरकारी खातं फोनवरून दंड मागत नाही, कोणाच्या खासगी यूपीआयवर तर नाहीच, आणि फोनवर अटक नावाचा प्रकार कायद्यात नाही.

दुसऱ्या वेळच्या 10,000 पैकी बरीचशी रक्कम एका खात्यात गोठवलेली आहे, ती परत मिळवण्याचं काम चालू आहे. पहिले 4,500 गेले.

तुमच्या घरी कोणी असं सामान मागवलं असेल तर त्याच्यावर आधी ओरडू नका. दादा दोन दिवस बोलला नाही तो आमच्या ओरडण्याच्या भीतीनेच, आणि तेवढ्यात 10,000 गेले. पेमेंटची नोंद आणि चॅट पुसू नका, लाज वाटली तरी. सेल घरात पडला असेल तर पुन्हा चार्जिंगला लावू नका, नाणी-किल्ल्यांच्या खिशात ठेवू नका. लिक्विड मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी कुलपात ठेवा. संशयास्पद नंबर दूरसंचार खात्याच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर, ‘चक्षु’ विभागात कळवता येतो. आम्ही तोही कळवला.

आणि सिगारेट सोडायचीच असेल तर त्यासाठी कायदेशीर वाट आहे. 1800-11-2356 ही केंद्राची तंबाखू सोडण्याची मोफत हेल्पलाइन. दोन मिलिग्रॅमची निकोटीनची च्युइंगगम औषधाच्या दुकानात मिळते, पण कशी चघळायची, दिवसाला किती घ्यायची ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा, कारण ती सतत चावून गिळायची वस्तू नाही. थोडी चावायची, मग गालात धरून ठेवायची. दादाला डॉक्टरांनी हेच दिलंय आणि जिल्हा रुग्णालयातल्या समुपदेशकाकडेही पाठवलंय. शिफ्ट संपल्यावरची सिगारेट अजून सुटलेली नाही, बाकीच्या सुटल्या.

त्या नंबरचा फोटो आणि नाव आता बदललंय. गेल्या आठवड्यात आमच्या कॉलनीतल्या एका मुलाच्या मोबाइलवर तोच किट, तोच फोटो, तीच ‘बिगिनर’ची ओळ मी पाहिली, फक्त किंमत 2,900 केली होती. तो मुलगा अकरावीत आहे. त्याच्या वडिलांना मी त्याच संध्याकाळी भेटलो आणि सगळं दाखवलं.