पंप बदलण्याआधी काटा बघा: फ्युएल प्रेशर गेज किटचा अनुभव

माझ्याकडे २००४ ची मारुती एस्टीम आहे, पेट्रोल, एमपीएफआय (म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी). पावसाळ्यानंतर दोन तक्रारी सुरू झाल्या. सकाळी स्टार्टर बराच वेळ फिरवल्याशिवाय इंजिन पकडायचं नाही आणि कसारा घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये गाडी झटके खात मागे ओढल्यासारखी व्हायची. प्लग नवीन, एअर फिल्टर नवीन, पेट्रोल फिल्टरही बदलून झाला. मिस्त्रींचं म्हणणं, "ताई, पंप गेलाय." इंजिनकडे पेट्रोल ढकलणारा हा पंप टाकीच्या आत असतो. म्हणजे पार्टची किंमत वेगळी आणि काढ-घाल करायची मजुरी वेगळी.

मी नाशिकच्या एमआयडीसीत प्रेशर गेज कॅलिब्रेट करायचं काम करते. न मोजता पार्ट बदलणं मला पटत नाही. म्हणून पेट्रोलच्या लाइनमधलं प्रेशर मोजायचं १,८५० रुपयांचं हे किट ऑनलाइन मागवलं. लाल प्लास्टिकची पेटी, ० ते १० बारचा डायल, हवा काढायचा बटण-व्हॉल्व्ह, त्याला पारदर्शक नळी, टी-जॉइंट आणि पितळी अडॅप्टरांचा ढीग. डायलवर कंपनीचं नावही नाही.

आधी गेज कामावर नेऊन डेड वेट टेस्टरवर (वजनं ठेवून अचूक प्रेशर देणारं यंत्र) लावलं. ३ बारला ३.१ दाखवलं, ५ बारला ५.१, आणि प्रेशर सोडल्यावर काटा बरोबर शून्यावर आला. या किमतीत एवढं मला पुरेसं आहे. खटकतो तो डायलचा पल्ला. आपलं सगळं काम ४ बारच्या आत, त्यामुळे अर्धा डायल वाया जातो आणि बारीक रेषा वाचताना डोळे बारीक करावे लागतात. ० ते ७ बारचा मिळाला तर तोच घ्या.

अडॅप्टरांपैकी माझ्या गाडीच्या रेलला (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणारी नळी) एकही बसला नाही. शेवटी फिल्टरकडून रेलकडे येणाऱ्या होजमध्ये टी-जॉइंट घातला. सोबतचे होज क्लिप पत्र्यासारखे पातळ आहेत, ते फेकून द्या. हार्डवेअरच्या दुकानातून फ्युएल इंजेक्शनचे चांगले क्लिप आणा.

लाइन सोडण्याआधी पंपाचा फ्यूज काढून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालवायची, मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडायची. तरीही थोडं पेट्रोल सांडतंच, म्हणून काम उघड्यावर, इंजिन थंड असताना आणि आग विझवायचा सिलिंडर हाताशी ठेवूनच. यात तडजोड नको.

आता मुद्द्याची गोष्ट. या पिढीच्या गाड्यांत इंजिन बंद, पंप चालू असताना प्रेशर साधारण २.७ ते ३.१ बार असायला हवं. माझ्याकडे काटा २.१ च्या वर जाईना. पंप थांबला की एरवी प्रेशर हळूहळू उतरतं, इथे काटा धाडकन शून्यावर. इथवर मिस्त्रींचं म्हणणं खरं वाटत होतं. मग टाकीकडे परत जाणारा रिटर्न होज गुळगुळीत जबड्याच्या क्लॅम्पने क्षणभर दाबला. (होज कडक झालेला असेल तर हे करू नका, तडकतो.) काटा सरसर ४ च्या पुढे गेला, मी लगेच क्लॅम्प सोडला. पंपात दम नसता तर तो तिथे पोचलाच नसता. प्रेशर सुटत होतं ते रेलवरच्या रेग्युलेटरमधून, म्हणजे प्रेशर ठराविक ठेवून जादा पेट्रोल टाकीकडे परत पाठवणाऱ्या पार्टमधून.

रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढून पाहिली. आतला डायफ्रॅम (लवचिक पडदा) फाटला असता तर तिच्यात पेट्रोल दिसलं असतं. नळी कोरडी, वासही नाही. म्हणजे आतला व्हॉल्व्ह त्याच्या सीटवर नीट बसत नव्हता आणि पेट्रोल सतत टाकीकडे परत पळत होतं. घाटात प्रेशर कमी पडायचं ते यामुळे आणि रात्रभरात लाइन रिकामी व्हायची तीही यामुळे. नवा रेग्युलेटर आणि त्याची ओ-रिंग टाकली. काटा २.९ वर. आता सकाळी गाडी पहिल्या फटक्यात सुरू होते, कसाराही तिसऱ्यात विनातक्रार चढते.

ज्यांच्या गाडीला मोठा स्कॅनर लावूनही फार काही कळत नाही, अशा माझ्यासारख्यांनी हे किट जरूर घ्यावं. घरी चार जुन्या गाड्या असतील किंवा छोटं गॅरेज असेल तर पैसे एका कामात वसूल. पण आता पेट्रोल पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि या किटच्या रबरी नळीवर ती ते सोसते असं कुठेही छापलेलं नाही. त्यामुळे मोजमाप झालं की टी-जॉइंट काढून मूळ होज नव्या क्लिपने बसवा, किट लावून गाडी रस्त्यावर नेऊ नका.

कार्ब्युरेटरच्या जुन्या मारुती ८०० साठी मात्र हे घेऊ नका. तिच्या यांत्रिक पंपाचं प्रेशर इतकं कमी असतं की या डायलवर काटा जेमतेम हलेल. त्यासाठी ० ते १ बारचा वेगळा गेज लागतो.