अर्धवट चालणारा जुना फ्रिज: दुरुस्त करावा, नवा घ्यावा की वापरलेला?

फ्रिज एकदाचा बंद पडला तर निर्णय सोपा असतो. तो अर्धवट चालत राहतो तेव्हा खरी पंचाईत होते. आदल्या दिवशी तापवून ठेवलेले दूध सकाळी नासते, मोटर रात्रभर घरघरत असते, आणि तरीही ‘चालतोय ना अजून’ असे म्हणत महिने निघून जातात. गेल्या वर्षी पावसाळ्यात आमच्या मुलुंडच्या घरचा २००९ साली घेतलेला १६५ लिटरचा सिंगल डोअर आणि गिरगावात चाळीत राहणाऱ्या मावशीचा २०१२ सालचा डबल डोअर असे दोन्ही फ्रिज एकदमच कुरकुरू लागले. आमचा दुरुस्त झाला आणि मावशीचा, वयाने धाकटा असूनही, भंगारात गेला. त्यामुळे ‘दहा वर्षे झाली, आता बदला’ या सल्ल्यावर माझा फारसा विश्वास उरलेला नाही. वयापेक्षा बिघाड कोणत्या भागात आहे, हे आधी पाहावे.

फ्रिजमध्ये गॅसचा मार्ग हा एक बंद भाग असतो: कॉम्प्रेसर (म्हणजे गॅस दाबून फिरवणारी मोटर), मागची जाळी, बारीक कॅपिलरी नळी आणि आतल्या थंड होणाऱ्या नळ्या. बाकीचे सगळे, म्हणजे दाराचे रबर, थर्मोस्टॅट, मोटर सुरू करून देणारा रिले, आणि फ्रॉस्ट फ्री असेल तर पंखा, सेन्सर व बर्फ वितळवणारा हीटर, या बंद मार्गाच्या बाहेर असते. बाहेरचा बिघाड असेल तर पंधरा वर्षांचा फ्रिजही दुरुस्त करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमच्याकडे तसेच झाले. दारात दहा रुपयांची नोट अडकवून ओढली तर ती बिजागरीच्या बाजूला घट्ट बसत होती आणि खालच्या कोपऱ्यात अलगद निसटत होती. त्या कोपऱ्यात रबर कडक होऊन चिरले होते. मुंबईच्या दमट हवेत अशा फटीतून सतत बाष्प आत जाते, त्याचा फ्रीजरवर बर्फ होतो, बर्फाच्या थरामुळे थंडावा खाली पोहोचत नाही, आणि थर्मोस्टॅट मोटर बंद करतच नाही. गणपतीला गावी जाताना फक्त फ्रिज चालू ठेवून मी मीटरचा आकडा टिपला होता: चार दिवसांत ११ युनिट. रबर आणि थर्मोस्टॅट बदलल्यानंतर दिवाळीत तसेच केले, तेव्हा चार दिवसांत ६ युनिट पडले. म्हणजे महिन्याला सुमारे ३७ युनिट वाचले. दुरुस्तीला दीड हजार रुपये लागले होते. युनिटचा दर हिशेबासाठी १० रुपये धरला तरी चार महिन्यांत ते वसूल झाले. मुंबईत बेस्ट असो, खासगी कंपनी असो वा महावितरण, घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो, त्यामुळे वाचलेले युनिट तुमच्या बिलातील सर्वांत महाग टप्प्यातून कमी होतात, हे हिशेबात विसरू नये.

मेकॅनिकला बोलावण्याआधी मागच्या जाळीवरची धूळ झाडावी, फ्रिज भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावा आणि गॅसच्या शेगडीला चिकटून असेल तर जागा बदलावी. बर्फ मात्र सुरीने कधीही खरवडू नये. सिंगल डोअरच्या फ्रीजरचा पत्रा आणि आतल्या नळ्या बहुधा ॲल्युमिनियमच्या असतात. एक टोक लागले की गॅस फुस्स करून निघून जातो आणि दीड हजाराचे काम भलत्याच रकमेवर जाते.

गॅसच्या मार्गातला बिघाड हे वेगळे प्रकरण आहे. ‘गॅस संपला’ असे आपण सहज म्हणतो, पण स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखा फ्रिजमधला गॅस वापरून संपत नाही. तो कमी झाला असेल तर कुठून तरी गळतो आहे. मावशीकडे आलेल्या एका दुरुस्तीवाल्याने गळती न शोधता गॅस भरला, महिन्याभरात थंडावा गेला, त्याने पुन्हा भरला, पुन्हा गेला. दोन वेळचे मिळून साडेपाच हजार रुपये पाण्यात गेल्यावर दुसऱ्या माणसाने नायट्रोजनचा दाब देऊन तपासले, तेव्हा गळती दाराच्या चौकटीतून फिरणाऱ्या गरम नळीत निघाली. दाराभोवती घाम धरू नये म्हणून काही फ्रिजमध्ये ही नळी चौकटीत, फोमच्या आत बसवलेली असते आणि दमटपणाने ती गंजते. ती तोडून बाहेरून जोडणी करता येते, पण मग पावसाळ्यात चौकटीवर पाणी सुटते आणि तिथला पत्रा सडू लागतो. म्हणून माझा सल्ला असा की गळती बाहेरच्या, दिसणाऱ्या सांध्यात असेल तर दुरुस्ती करावी. फोममध्ये असेल तर फ्रिजचा मोह सोडावा.

दुरुस्ती करायचीच असेल तर गळती बंद करणे, फिल्टर बदलणे, व्हॅक्यूम पंपाने हवा काढणे आणि वजन करून गॅस भरणे, ही चारही कामे होतात का, हे उभे राहून पाहावे. कोणता गॅस आहे ते मागच्या पट्टीवर लिहिलेले असते. आर-१३४ए च्या जागी दुसरा गॅस भरू देऊ नये. आर-६००ए हा ज्वलनशील आयसोब्युटेन असल्याने त्याचे काम खिडक्या उघड्या ठेवून, त्या कामाची माहिती असलेल्या माणसाकडूनच करून घ्यावे. कॉम्प्रेसर गेला असेल आणि त्यावरची वॉरंटी संपली असेल, तर जुन्या सिंगल डोअरवर तो खर्च मी तरी करणार नाही. वॉरंटी असली तरी गॅस आणि मजुरी तिच्यात येते का, ते आधी विचारावे.

नव्या फ्रिजच्या बाजूने विजेचा मुद्दा नेहमी पुढे केला जातो, आणि तो खरा आहे, पण दुकानात सांगतात तितका मोठा नाही. आमचा दुरुस्त केलेला फ्रिज वर्षाला साधारण ५५० युनिट खातो. नव्याच्या लेबलवर २०० युनिट लिहिले असतील, तर बचत ३५० युनिट, म्हणजे वरच्याच दराने वर्षाला साडेतीन हजार रुपये. सोळा हजारांचा फ्रिज घेतला तर रक्कम वसूल व्हायला साडेचार वर्षे लागतात. नीट चालणारा फ्रिज काढण्याइतके हे कारण बळकट नाही. पण समोर सात-आठ हजारांची दुरुस्ती उभी असेल, तर पारडे नव्याकडे झुकते. घेताना तारे मोजण्यापेक्षा लेबलवरील वार्षिक युनिट पाहावेत, कारण ताऱ्यांचे निकष अधूनमधून कडक होतात आणि लेबलवरचा काळ जुना असेल तर त्या पाच ताऱ्यांचा अर्थ वेगळा असतो. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर वीज वाचवतो आणि आवाजही कमी करतो, मात्र त्याचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड बिघडला तर तो स्वस्तात सुटत नाही. चाळीत राहणाऱ्यांनी लिटर ठरवण्याआधी जिन्याचे वळण आणि स्वयंपाकघराचे दार टेपने मोजावे. मावशीने पसंत केलेला पहिला फ्रिज दोन इंचांमुळे नाकारावा लागला.

वापरलेला फ्रिज घेण्याचा पर्याय मला सर्वांत कमी पटतो. रंग मारून चकचकीत केलेल्या फ्रिजमध्ये गॅस कालच भरला आहे की मूळचाच टिकून आहे, हे दुकानात अर्धा तास चालवून कळत नाही. वर्षभराच्या भाड्याच्या खोलीसाठी, ओळखीच्या घरातून, आणि तिथे आठवडाभर चालताना पाहिलेला असेल तरच घ्यावा.

जुना फ्रिज देताना एक्स्चेंजची रक्कम आणि भंगारवाल्याची रक्कम यांची तुलना सगळेच करतात, पण भंगारवाला बहुधा तांब्यासाठी नळी कापतो आणि गॅस हवेत सोडतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत फ्रिजचा समावेश आहे, तेव्हा दोन-तीनशे रुपये कमी मिळाले तरी अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे किंवा कंपनीच्या संकलन योजनेत देणे बरे. आमच्या ओळखीत एकाने बंद फ्रिज गॅलरीत कपाट म्हणून ठेवला आहे आणि त्यात तांदूळ खरोखर चांगले राहतात. मात्र इमारतीत लहान मुले असतील, तर लपाछपीत कोणी आत शिरून अडकू नये म्हणून बंद फ्रिजचे दार त्याच दिवशी काढून टाकावे.