फ्युजननंतरचे पहिले सहा आठवडे : मुंबईची खोली की गावचे घर?

कंबरेच्या मणक्याचे फ्युजन, म्हणजे दोन मणके स्क्रू-रॉडने जखडून एकमेकांना जोडण्याची शस्त्रक्रिया, करायचे ठरले, की घरातली सारी चर्चा शस्त्रक्रिया कुठे करायची याच प्रश्नाभोवती फिरू लागते. रत्नागिरीकडच्या माणसाला आंबा घाट चढून कोल्हापूर गाठता येते, कणकवलीच्या माणसासमोर फोंडा घाट असतो, बांदा-सावंतवाडीच्या पट्ट्याला गोव्यातले बांबोळीचे सरकारी रुग्णालय जवळ पडते आणि ज्याचा मुलगा किंवा भाऊ चाकरमानी आहे तो डोळे मिटून मुंबईची वाट धरतो. रुग्णालयातला मुक्काम मात्र साधारण तीन ते पाच दिवसांचाच असतो. त्यानंतरचे सहा आठवडे कोणत्या घरात काढायचे, हा प्रश्न बहुधा डिस्चार्जच्या आदल्या रात्री निघतो आणि ‘गावाक जाऊया, थंय हवा बरी’ एवढ्यावर मिटतो. वास्तविक तो शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधीच सोडवायला हवा. ज्यांनी मुंबईत शस्त्रक्रिया करून घ्यायचे ठरवले आहे, पण नंतर मुंबईतल्या नातेवाइकाच्या खोलीत राहावे की गावच्या घरी परतावे हे ज्यांचे ठरलेले नाही, त्यांच्यासाठी ही तुलना आहे.

त्याआधी एक प्रश्न डॉक्टरांकडून निकालात काढून घ्यावा. नस दाबली गेली असेल तर केवळ दाब मोकळा करणे ही एक शस्त्रक्रिया झाली आणि दाब मोकळा करून दोन मणके स्क्रू-रॉडने जखडणे ही दुसरी. प्रत्येकाला दुसरीची गरज असतेच असे नाही. २०१६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’च्या एकाच अंकात दोन चाचण्या प्रसिद्ध झाल्या. स्वीडनच्या चाचणीत मज्जारज्जूची नळी अरुंद झालेले २४७ रुग्ण होते आणि दोन वर्षांनंतर फ्युजनची जोड दिल्याने अधिक फायदा दिसला नाही. अमेरिकेच्या चाचणीत मणका सरकलेले ६६ रुग्ण होते आणि त्यांच्यात फ्युजन झालेल्यांची शारीरिक क्षमता थोडी सरस ठरली. पुढे २०२१ मध्ये नॉर्वेतील २६७ रुग्णांच्या अभ्यासात, मणका सरकलेला असूनही, केवळ दाब मोकळा केलेले रुग्ण मागे पडले नाहीत. तज्ज्ञांचेच एकमत नसताना आपण घरबसल्या निवाडा करू नये, हे खरे; परंतु पुढे वाकून आणि मागे झुकून काढलेल्या एक्स-रेमध्ये माझा मणका किती हलतो आणि नुसता दाब मोकळा करून का भागणार नाही, एवढे विचारण्याचा हक्क प्रत्येक रुग्णाला आहे.

फ्युजन अटळ आहे असे ठरले, की घराची निवड शरीराच्या नियमांवरून करावी. स्क्रू, रॉड आणि दोन मणक्यांमधला केज (मधल्या फटीत बसवलेला छोटा ठोकळा) हा केवळ आधार असतो; खरे जोडकाम तिथे भरलेले हाड करते आणि त्याला तीन ते सहा महिने, पूर्ण पक्के व्हायला कधी वर्षभरही लागते. तोवर आधार ढळू नये म्हणून कंबरेतून वाकणे, पिळणे आणि जड उचलणे वर्ज्य असते. पहिल्या आठवड्यांत चार-पाच किलोंच्या वर काही उचलू नये, म्हणजे पाण्याने भरलेली कळशी बादच. बसणेही एका वेळी वीस-तीस मिनिटांपेक्षा जास्त नसावे. अंथरुणातून उठताना खांदे आणि कंबर एकदम वळवून कुशीवर यायचे, पाय खाटेखाली सोडायचे आणि हातांच्या जोराने उठायचे. याचा अर्थ असा की जमिनीवरचे अंथरूण, जमिनीवरचे पान, जमिनीवरची विळी आणि उकिडवे बसायचा संडास या चारही गोष्टी ज्या घरात टाळता येतील, तेच घर योग्य.

या कसोटीवर मुंबईची खोली पहिल्या फेरीत जिंकते, असे वरवर वाटते. लिफ्ट असलेल्या इमारतीत कमोड असतो, ओटा कमरेच्या उंचीला असतो आणि पलंगही असतो. पण लालबाग-परळच्या चाळीतली तिसऱ्या मजल्यावरची खोली, जिन्याच्या अरुंद पायऱ्या आणि सज्जाच्या टोकाला असलेला सामायिक संडास हीसुद्धा मुंबईच आहे. उलट गावात अंगणापलीकडे बांधलेला जुना संडास असला, तरी घरात नवीन बाथरूम काढून कमोड बसवलेली घरे आता पुष्कळ झाली आहेत. तेव्हा तुलना गाव आणि शहर यांची नसून दोन विशिष्ट घरांची आहे. डाव्या हाताला काय, उजव्या हाताला काय, हे दोन्ही घरांत प्रत्यक्ष उभे राहून पाहावे. फोनवरून ‘सगळी सोय आहे’ असे ऐकून ठरवू नये, कारण ते सांगणाऱ्याची पाठ धडधाकट असते.

रुग्णालयाच्या जवळिकीबाबत मात्र मुंबईला तोड नाही आणि पहिल्या दोन आठवड्यांत ही बाब सगळ्यांत मोठी आहे. टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी काढले जातात, तोवर जखमेतून पाणी येणे किंवा ताप चढणे शक्य असते. लघवी अडणे किंवा नकळत होणे, मांड्यांच्या आतला भाग व बसण्याची जागा बधिर होणे, पाऊल उचलता न येणे, पोटरी सुजणे, अचानक धाप लागणे यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी, शक्यतो शस्त्रक्रिया करणाऱ्याच चमूकडे, पोचायला हवे. रात्री दोन वाजता देवगडच्या आतल्या वाडीत हे घडले, तर गाडी मिळवण्यापासून सुरुवात होते. गावापासून जवळच्या मोठ्या रुग्णालयात मणक्याचे शल्यविशारद आहेत का, हे आधीच विचारून त्यांचा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवला तर ही उणीव काही अंशी भरून निघते, पूर्णपणे नाही.

चालण्याच्या बाबतीत पारडे ऋतूप्रमाणे फिरते. फ्युजननंतरचा मुख्य व्यायाम चालणे हाच असतो. बहुतेकांना दुसऱ्याच दिवशी उभे करतात आणि पुढे दिवसातून अनेकदा थोडे थोडे चालायला सांगतात. दसऱ्यानंतर पावसाळा ओसरला की गावच्या सारवलेल्या खळ्यात, म्हणजे अंगणात, आणि घरासमोरच्या सपाट रस्त्यावर जे चालणे होते, ते मुंबईच्या पदपथावर फेरीवाल्यांच्या गर्दीत होणे नाही. त्याच घरात जून ते ऑगस्ट चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते, पाणंद चिखलाने भरते आणि वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. जोडलेल्या मणक्याला एक घसरण पुरेशी आहे. म्हणून तारीख आपल्या हाती असेल, तर ती गणपतीनंतरची घ्यावी. पावसाळ्यातच करणे भाग पडले तर सहाही आठवडे मुंबईत, इमारतीच्या कोरड्या मार्गिकेत चालण्यातच काढावेत.

घरातल्या माणसांचा विचार सहसा भावनेने होतो, तो हिशेबाने व्हावा. मुंबईत सकाळी आठला लोकल पकडण्यासाठी घर रिकामे होते आणि रुग्ण संध्याकाळी सातपर्यंत एकटा राहतो. गावात कोणी ना कोणी हाकेला असतेच. पण गावात विचारपूस करायला येणारेही असतात आणि प्रत्येकासाठी रुग्ण उठून खुर्चीत बसतो, बोलतो, चहा संपेपर्यंत बसून राहतो. असे तीन पाहुणे झाले की वीस मिनिटांच्या मर्यादेचे काय होते हे सांगायला नको. भेटायला येणाऱ्यांशी आडवे पडूनच बोलावे, त्यात काही अपमान नाही. रुग्ण गृहिणी असेल तर माझे मत स्पष्टपणे मुंबईच्या बाजूने आहे. स्वतःच्या घरात परतलेली बाई आठव्या दिवशी वाकून चुलीत लाकूड सारते, दहाव्या दिवशी रहाटावर पाणी ओढते, आणि तिला कोणी अडवत नाही, कारण अडवणाऱ्यांनाही जेवायचे असते. मुलाच्या किंवा बहिणीच्या घरी ती पाहुणी असते. तिथे भांडी कुठे ठेवली आहेत हेच तिला ठाऊक नसते, हे अशा वेळी वरदानच.

परतीचा प्रवास स्वतंत्रपणे मोजावा लागतो. बसण्याच्या डब्यांच्या जनशताब्दी किंवा वंदे भारतमध्ये सहा-सात तास बसून येणे पहिल्या आठवड्यांत गैरसोयीचे आहे. कोकणकन्या किंवा तुतारीचा खालचा बर्थ त्याहून बरा, कारण त्यावर आडवे होता येते आणि अधूनमधून डब्यात चार पावले टाकता येतात. मात्र लहान स्थानकांवर गाडी दोनच मिनिटे थांबते आणि कित्येक ठिकाणी फलाट खाली राहतो, म्हणून उतरवून घेणारे दोघे जण हजर हवेत. खाजगी गाडीत पुढची सीट मागे कलती करून, तासाला एकदा उतरून चालत येता येते, पण महामार्गाची कामे सुरू असलेल्या टप्प्यांत हादरे बसतात. स्थानकापासून घरापर्यंतची शेवटची रिक्षा तर टाळावीच. गावातली एखादी मोठी गाडी आधी सांगून ठेवावी. कसाही प्रवास असो, पाऊल वरखाली हलवत राहावे, म्हणजे पोटरीत रक्त साकळण्याचा धोका कमी होतो.

दोन्ही घरांना समान लागू असणारी पूर्वतयारी आहे आणि तिच्यात आपल्याकडे एक गोष्ट हमखास लपवली जाते. निकोटिनमुळे हाड जुळण्याचे काम मंदावते आणि फ्युजन न जुळण्याचा धोका वाढतो, म्हणून शस्त्रक्रियेआधी किमान चार आठवडे आणि नंतरही काही महिने तंबाखू बंद असावी लागते. डॉक्टर ‘सिगारेट ओढता का’ विचारतात, बाई ‘नाही’ म्हणते आणि रोज सकाळी मिश्री लावते. मिश्री हा तंबाखूच आहे, हे तिला कोणी तरी समजावून सांगावे. याखेरीज मधुमेह असल्यास एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) आटोक्यात आणणे, हाडांची घनता तपासून घेणे (ठिसूळ हाडात स्क्रू नीट धरत नाही), रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी थांबवायच्या हे लेखी घेणे आणि वरचेवर घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांबद्दल विचारणे आवश्यक आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून खर्च होऊ शकतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे शिधापत्रिका दाखवून तारीख ठरण्यापूर्वीच विचारावे.

माझ्या मते बहुतेकांसाठी मधला मार्ग बरा: टाके निघेपर्यंतचे दोन आठवडे रुग्णालयाच्या जवळ मुंबईत आणि पहिल्या तपासणीत डॉक्टरांनी प्रवासाला होकार दिला की उरलेले चार आठवडे गावी. गावात कमोड नसेल, घरी पोचायला घाटी, म्हणजे चढणीची पायवाट, चढावी लागत असेल किंवा आभाळ भरून आले असेल, तर सहाही आठवडे मुंबईतच. कमोड बसवायला गवंडी मिळेपर्यंत पंधरवडा जातो आणि सिमेंट सुकायला आणखी काही दिवस, म्हणून त्याला फोन शस्त्रक्रियेची तारीख घेतली त्याच दिवशी करावा.