आईच्या टॅबवर प्लँट्स व्हर्सेस झॉम्बीज: काही महिने खेळल्यानंतरचा अनुभव

गेम काय आहे ते सगळ्यांना माहीत आहे, 2009 चा आहे, अंगणात झाडं लावायची आणि झॉम्बी अडवायचे, त्यामुळं ग्राफिक्स बिफिक्सवर काही लिहीत नाही. लिहायचंय ते फक्त सुरुवातीच्या ट्युटोरियलवर, म्हणजे गेम शिकवणाऱ्या भागावर, कारण या आठवड्यात दुसऱ्याच एका गेमच्या सपोर्टवाल्यांशी भांडण झालंय आणि डोकं अजून तापलेलं आहे.

त्या गेमचं नाव लिहीत नाही. शेतीचा गेम आहे, चांगले पैसे मोजून घेतला. आई मूळची बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातली, भात लावणीपासून मळणीपर्यंत सगळं हातानं केलेली, म्हटलं हिला हे आवडणार. पण उघडलं की सगळी स्क्रीन काळी, एक बाण लुकलुकतोय आणि एक बाई इंग्रजीत फुग्यातून बोलतेय. फुगा घालवला की दुसरा फुगा, तो घालवला की तिसरा. आईचं शिक्षण मराठी शाळेत, कन्नड बाजारात फाडफाड बोलते, पण इंग्रजी वाचता येत नाही. बाण सोडून दुसरीकडं कुठंही बोट लावलं तर काहीच होत नाही, तिला वाटलं टॅबच बिघडला. शेवटी माझ्या भाच्यानं भराभर सगळे फुगे दाबून संपवले आणि नंतर ते ट्युटोरियल परत बघायची सोयच नाही. सपोर्टला लिहिलं तर म्हणाले अनइन्स्टॉल करून परत टाका. तसं केलं तर आईनं तोवर जे काही जमवलं होतं ते सगळं पुसलं, आणि पैसे परत मागितले तर मुदत संपली म्हणे. घामाचे पैसे आहेत हो, झाडाला लागत नाहीत.

आता प्लँट्स व्हर्सेस झॉम्बीज बघा. पहिल्या लेव्हलला अख्ख्या अंगणात हिरवळीची एकच पट्टी असते, बाकी माती. झाड एकच, मटार फेकणारं. चुकायचं म्हटलं तरी जागा नाही! सूचना येते ती दोन ओळींची, झाड लावलं की निघून जाते. दुसऱ्या लेव्हलला तीन पट्ट्या, पाच पट्ट्या मिळतात त्या चौथीला. आणि समजा चुकलंच तर रांगेच्या टोकाला गवत कापायचं मशीन उभं असतं, ते एकदा ती रांग साफ करतं, म्हणजे चूक पण कळते आणि लगेच हरायला पण होत नाही. आई हे सगळं मला काहीएक न विचारता खेळली, मी शेजारी चहा पीत बसलो होतो.

मला सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट म्हणजे सूर्यफुलाची किंमत. गेममध्ये झाडं विकत घ्यायची ती ऊन जमवून, आणि सूर्यफूल लावलं की ते ऊन देतं. या एका आकड्यावर मी पानभर लिहू शकतो. गेमचा डिझायनर जॉर्ज फॅन यानं 2012 च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये सांगितलंय की आपल्या आईला हा गेम खेळता यावा म्हणून त्यानं काय काय केलं. सूर्यफूल आधी 100 ला होतं, मटारवालं पण 100 ला, मग नवीन माणूस आधी मटारच लावायचा आणि पुढं ऊन कमी पडून अडकायचा. त्यानं सूर्यफूल 50 ला केलं. लेव्हल सुरू होताना हातात 50 च असतात, मटार परवडत नाही म्हणून त्याचं बियांचं पाकीट मंद दिसतं, सूर्यफुलाचं उजळ. वाचायला काही नाही, समजावून सांगायला काही नाही, माणूस आपोआप आधी सूर्यफूल लावतो. मी मुद्दाम आईला विचारलं, हेच का लावालीस गं आधी? तर म्हणाली, "हातात पन्नासच हैत की रे, मग पन्नासचंच घ्यायचं, त्यात काय विचारतोस?" बेळगावच्या रविवार पेठेत आयुष्यभर हिशेब करून सामान घेतलेली बाई, तिला आकडा पुरतो. तोच फॅन असंही म्हणतो की एका वेळी स्क्रीनवर आठच्या वर शब्द नकोत. माझ्या पैसे गेलेल्या गेममध्ये एकेका फुग्यात चाळीस तरी असतील.

इथवर माझं मत पक्कं झालं होतं की किंमत आणि चित्र नीट जमवलं की भाषेचं काही अडत नाही. मग बटाटा आला आणि ते मत थोडं बदलायला लागलं. बटाट्याचा सुरुंग 25 ला, तोवरच्या झाडांत सगळ्यात स्वस्त, म्हणजे आईच्या हिशेबानं सगळ्यात चांगला. ती झॉम्बी अगदी जवळ आला की त्याच्या पुढ्यात बटाटा लावायची आणि झॉम्बी तो खाऊन पुढं यायचा. कारण बटाट्याला मातीतून वर यायला वेळ लागतो, तोवर तो फुटत नाही. बटाटा बक्षीस मिळतो तेव्हा हे लिहिलेलं असतं, पण इंग्रजीत. किती दिवस ती म्हणायची हा बटाटा नासका आहे, आणि लावायचाच बंद केला. इथं किमतीनं उलट शिकवलं, आणि ते दुरुस्त करणारं चित्र नाही. त्या बटाट्यावर एक छोटा गोल हळूहळू भरताना दाखवला असता तर कुठल्याही भाषेची गरज पडली नसती. सूर्यफुलाच्या किमतीवर एवढा विचार करणाऱ्यांनी हे सोडायला नको होतं, मला त्याचं खरंच वाईट वाटलं.

रात्रीच्या लेव्हल्सना परत तेच जुनं कसब दिसलं. रात्री आकाशातनं ऊन पडत नाही, आई पहिल्यांदा नुसती वाट बघत बसली. पण हातात एक बारकी अळंबी दिलेली असते, किंमत 0. फुकट म्हटल्यावर तिनं रांगेनं लावून टाकल्या, आणि त्या लांबवर मारत नाहीत हे बघून बघून आपणच त्या पुढं लावायला शिकली.

नवीन माणसासाठी गेम बनवणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. पहिल्या मिनिटाला हाताला काम द्या, बोलणं नंतर. स्क्रीन काळी करून बोट धरू नका, त्यापेक्षा पसाराच कमी ठेवा. 1985 च्या सुपर मारिओत पण पहिल्या स्क्रीनवर सूचना नाही, उजवीकडं मोकळी जागा आणि थोडं पुढं गेलं की समोरनं चालत येणारा एक शत्रू, बस. ट्युटोरियल परत बघायचं बटण द्या, आणि ते बघितल्यावर खेळलेलं पुसू नका. आणि जे चित्रात बसतच नाही तेवढं तरी आमच्या भाषेत द्या, बेळगाव भागात मराठी आणि कन्नड दोन्ही दिलंत तर घराघरातली माणसं खेळतील.

बटाट्याचं मी शेवटी आईला सांगून टाकलं, झॉम्बीपासून लांबवर लाव आणि थांब. आता ती मागच्या रांगेतनं बटाटे आधीच पेरून ठेवते. ट्युटोरियलला माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा बटाट्याचा कापला. त्या शेतीच्या गेमवाल्यांना परत मेल टाकलाय, पैसे नाही तर निदान आईचं पुसलेलं तरी परत द्या म्हणून.