नदीकाठची कारखान्यांची जमीन: पुनर्विकास महापालिकेने करावा की विकसकाने?

पुण्यातल्या जुन्या कारखान्यांनी नदीकडे नेहमीच पाठ केली. पाणी उचलण्यासाठी आणि सांडपाणी सोडण्यासाठी त्यांना नदी हवी होती, पण त्यांची फाटके रस्त्याकडे उघडत. आता त्या कारखान्यांची किंमत यंत्रांपेक्षा जमिनीत जास्त आहे आणि जमिनीची किंमत ज्या नदीकडे कुणी पाहत नव्हते तिच्यामुळे वाढते आहे. संगमाजवळच्या, १८९३ साली स्थापन झालेल्या राजाबहादूर मिलच्या शेडमध्ये आज उपाहारगृहे आणि कार्यालये आहेत. मुंढवा, केशवनगर, खराडी, खडकी आणि दापोडी या पट्ट्यात असे प्रश्न यापुढेही येत राहतील. आपल्या प्रभागातल्या अशा एखाद्या जागेबद्दल मत द्यायची किंवा सूचना-हरकती नोंदवायची वेळ ज्यांच्यावर येणार आहे, त्यांच्यासाठी ही तुलना आहे.

माझे मत आधीच सांगतो. नदीलगतची जमीन, पूर, मैलापाणी आणि काठावर जाण्याचा हक्क या चार गोष्टी सार्वजनिक हातात राहिल्या पाहिजेत. इमारती कोणी बांधायच्या, हा प्रश्न त्यानंतरचा आहे आणि तिथे खासगी विकसक बहुतेक वेळा महापालिकेपेक्षा चांगले काम करतो. चर्चेत मात्र हे दोन्ही प्रश्न एकत्र कालवले जातात आणि मग एकीकडे ‘महापालिकेला काही जमत नाही’ तर दुसरीकडे ‘बिल्डर शहर गिळतो’ एवढेच ऐकू येते.

खासगी मार्गाची जमेची बाजू खरी आहे आणि ती मान्य केली पाहिजे. जमीन मालकाची असते, पैसा बँकेचा असतो, आणि रोज चढणारे व्याज विकसकाला काम रेंगाळू देत नाही. महापालिकेच्या तिजोरीवर थेट भार पडत नाही. औद्योगिक जमिनीचा निवासी किंवा व्यापारी वापर करायचा, म्हणजे आपण ज्याला ‘आय टू आर’ म्हणतो ते करायचे, तर काही क्षेत्र ॲमेनिटी स्पेस म्हणून, म्हणजे सार्वजनिक सोयींसाठी, सोडावे लागते आणि बंद कारखान्याच्या बाबतीत कामगारांची देणी फिटल्याचे कामगार आयुक्तालयाचे प्रमाणपत्रही लागते. कागदावर ही व्यवस्था वाईट नाही. अडचण अशी की जे विकता येत नाही ते या मार्गाने आपोआप उभे राहत नाही. पूर सामावून घेणारी मोकळी जागा, जुन्या कारखान्याखालची तेलाने आणि धातूंनी खराब झालेली माती उपसणे आणि नाल्यातले मैलापाणी अडवणे यांतून विक्रीयोग्य चौरस फूट निघत नाहीत.

सार्वजनिक मार्गाची पहिली अडचण जमिनीच्या किमतीची आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार शहरी जमिनीचा मोबदला बाजारभावाच्या साधारण दुप्पट होतो. एवढी रोकड महापालिकेकडे नसते, म्हणून ती टीडीआर (दुसऱ्या जागी वापरता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा वाढीव एफएसआय (त्याच भूखंडावर जास्त बांधकामाची मुभा) देते. अर्थसंकल्पात हा खर्च दिसत नाही, तरी शहर तो भरतेच, कारण तो टीडीआर दुसऱ्या कुठल्या तरी उपनगरात, आधीच अरुंद असलेल्या रस्त्यावर, वरच्या मजल्यांच्या रूपाने उतरतो. त्यामुळे फुकटात मिळालेल्या उद्यानाचा हिशेब मांडताना तो रस्ताही हिशेबात धरावा लागतो.

आता दोन शहरांची उदाहरणे शेजारी ठेवून पाहू.

लंडनच्या गोद्या बंद पडल्यावर १९८१ साली सरकारने एक महामंडळ नेमले आणि सुमारे २,२०० हेक्टर क्षेत्रातले नियोजनाचे अधिकार स्थानिक परिषदांकडून काढून त्याच्याकडे दिले. पुढच्याच वर्षी तिथल्या एका भागात उद्योग क्षेत्र जाहीर झाले. तिथे दहा वर्षे मालमत्ता कर माफ होता आणि बांधकामाच्या खर्चावर करात घसघशीत सवलत होती. रस्ते आणि जमीन सरकारने मोकळी करायची आणि बाकी बाजाराने पाहायचे, असे हे सूत्र होते. कॅनरी व्हार्फचे टोलेजंग मनोरे त्यातूनच उभे राहिले. पण १९८७ साली सुरू झालेली हलकी रेल्वे एवढ्या कार्यालयांना पुरणारी नव्हती, भुयारी रेल्वे तिथे पोहोचायला १९९९ उजाडले आणि मधल्या मंदीत, १९९२ साली, मुख्य विकसक कंपनी कर्जाखाली कोलमडली. आज तो भाग लंडनच्या अर्थकारणाचा कणा मानला जातो, हे खरेच. पण ज्याला आपण खासगी यश म्हणतो, त्याच्या पायाशी करमाफी, सरकारी जमीन आणि सरकारी रेल्वे होती. गोदीत पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या कुटुंबांना त्या कार्यालयांत फारशी जागा मिळाली नाही, याची खंत तिथे आजही आहे.

हॅम्बुर्गने वेगळी वाट धरली. बंदरालगतच्या १५७ हेक्टरांच्या हाफेनसिटीची बहुतेक जमीन शहराच्या मालकीची होती किंवा शहराने ती आधीच ताब्यात आणली, आणि विकासासाठी शहराच्याच मालकीची कंपनी नेमली. मूळ आराखडा २००० साली मंजूर झाला. जमीन विकून आलेला पैसा एका स्वतंत्र निधीत जमा होतो आणि त्यातूनच रस्ते, पूल व काठावरचे चौक होतात. मला सर्वांत मोलाची वाटते ती भूखंड देण्याची पद्धत. निवड झालेल्या विकसकाला भूखंड लगेच विकला जात नाही. आधी त्याच्यासाठी काही काळ राखून ठेवला जातो, त्या काळात विकसकाने वास्तुरचनेची स्पर्धा घ्यायची, आराखडा पक्का करायचा आणि बांधकाम परवाना मिळवायचा असतो, आणि मगच खरेदीखत होते. या काळात त्याने शब्द पाळला नाही तर शहर भूखंड परत घेऊ शकते. त्यामुळे जमीन अडवून भाव वाढण्याची वाट पाहत बसण्यात कुणालाच फायदा राहत नाही.

तिथेही सगळे सुरळीत झालेले नाही. एल्बफिलहार्मोनी या संगीतगृहासाठी शहराने आधी सुमारे ७.७ कोटी युरो धरले होते, तर प्रत्यक्षात शहराच्या तिजोरीतून ७८.९ कोटी युरो गेले आणि इमारत २०१७ साली खुली झाली. सार्वजनिक हाताला स्मारके उभारण्याचा मोह असतो आणि तो मोह फार महाग पडतो. सार्वजनिक मार्गाची बाजू घेणाऱ्याने हा आकडा विसरू नये.

तिसरे उदाहरण थोडक्यात देतो. न्यूयॉर्कच्या बॅटरी पार्क सिटीत हडसन नदीत भराव घालून तयार केलेली ९२ एकर जमीन आजही सार्वजनिक प्राधिकरणाची आहे. इमारती खासगी आहेत, पण जमीन मूळ करारांनुसार २०६९ पर्यंतच्या भाडेपट्ट्यावर आहे, आणि नदीकाठचा पादचारी मार्ग व उद्याने सर्वांना खुली आहेत. भराव पूर्ण झाल्यावर ही जागा काही वर्षे ओसाड पडून होती. १९७९ साली आराखडा बदलून छोटे भूखंड आणि साधे रस्ते आखले गेले, तेव्हा कुठे काम मार्गी लागले.

महाराष्ट्राच्या घरचा अनुभव मुंबईच्या गिरण्यांचा आहे. सुमारे ६०० एकर गिरणी जमिनीसाठी १९९१ च्या नियमावलीत एक तृतीयांश मोकळ्या जागेला, एक तृतीयांश म्हाडाला आणि एक तृतीयांश मालकाला अशी वाटणी ठरली होती. २००१ साली नियम बदलला आणि ही वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीला लागू झाली. गिरणीच्या इमारतींखालची जमीन त्यातून सुटली, आणि गिरणीत इमारतीच अधिक असल्याने शहराच्या वाट्याचे मैदान आणि घरे आकसली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरवला. विकसकांनी नियम मोडला म्हणून शहराचे नुकसान झाले, असे इथे म्हणता येत नाही. नियमच एका फेरबदलाने सौम्य झाला. म्हणून खासगी मार्ग निवडणाऱ्याने आजच्या अटींबरोबर त्या अटी बदलणे किती सोपे आहे, हेही पाहिले पाहिजे.

पुण्यातला सार्वजनिक मार्ग आपल्यासमोरच चालू आहे. मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून सुमारे ४४ किलोमीटर काठाचा, ११ टप्प्यांत विभागलेला प्रकल्प २०२२ साली सुरू झाला आणि त्याचा अंदाजित खर्च ४,७०० कोटी रुपयांहून अधिक सांगितला गेला. आराखडा करणारी संस्था साबरमतीचा काठ आखणारीच आहे. अहमदाबादने १९९७ साली स्वतंत्र कंपनी काढली, नदीकाठची दहा हजारांहून अधिक कुटुंबे दुसरीकडे हलवली आणि भरावातून मिळालेल्या जमिनीचा थोडाच भाग विक्रीसाठी ठेवून बराचसा रस्त्यांना आणि उद्यानांना दिला. लांबच लांब आणि सलग काठ साबरमतीला मिळाला, आणि तो सार्वजनिक मार्गानेच मिळू शकतो. मात्र त्या पात्रातले पाणी नर्मदेच्या कालव्यातून येते. आपल्या नदीत पावसाळा सोडला तर मुख्यतः शहराचे सांडपाणी वाहते. त्यासाठीचा जपानच्या अर्थसाहाय्याचा, ११ शुद्धीकरण केंद्रांचा आणि रोज ३९६ दशलक्ष लिटर क्षमतेचा प्रकल्प २०१६ सालचा आहे, आणि ती केंद्रे पूर्ण होण्याआधीच काठाचे दगडकाम सुरू झाले. बंडगार्डनजवळच्या नव्या पायऱ्यांवर उन्हाळ्यात उभे राहिले की हा क्रम चुकल्याचे नाकालाच कळते.

सार्वजनिक म्हटले की जबाबदारी आपोआप येते, हाही भ्रम आहे. महापालिकेच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांनी कारभार पाहिला. काठाचे काम याच काळात पुढे गेले, पण त्यावर मुख्य सभेत प्रश्न विचारणारे कुणी नव्हते. त्याआधी २०२१ साली ताब्यातल्या ॲमेनिटी स्पेस दीर्घ भाडेपट्ट्याने खासगी संस्थांना देण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा नागरिकांनीच विरोध केला होता.

पुराच्या बाबतीत दोन्ही मार्गांतला फरक सर्वांत तीव्रपणे दिसतो. जलसंपदा विभागाची निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. १२ जुलै १९६१ च्या पानशेत पुराची आठवण पुण्यात अजून जिवंत आहे, आणि २५ जुलै २०२४ ला खडकवासल्याच्या विसर्गाने एकतानगरीच्या तळमजल्यांत पाणी शिरले, तेही सर्वांनी पाहिले. खासगी पुनर्विकासात प्रत्येक मालक राडारोडा टाकून आपला भूखंड उंच करतो आणि काठाला संरक्षक भिंत घालतो. एकट्याच्या भरावाने पूर वाढत नाही, म्हणून प्रत्येकाला परवानगी मिळते, आणि सर्वांच्या भरावाने समोरच्या काठाची वस्ती बुडते. संपूर्ण पात्राचा एकत्रित हिशेब मांडणारी यंत्रणा सार्वजनिकच असावी लागते. पण ती मांडणीही उघडी हवी, कारण काठ उंचावल्याने पूर पातळी वाढेल, हा आक्षेप सध्याच्या सार्वजनिक प्रकल्पावरही घेतला गेला आहे आणि महापालिका तो मान्य करत नाही. हॅम्बुर्गने इमारती समुद्रसपाटीपासून सुमारे आठ मीटर उंचीवर येणाऱ्या जोत्यांवर घेतल्या आणि काठाचे पादचारी मार्ग मुद्दाम खाली ठेवले. पाणी वाढले की तिथे फक्त हे मार्ग बुडतात आणि नदीला पसरायला जागा मिळते.

काठावर जाण्याचा हक्क मंजूर नकाशात आणि जागेवर वेगवेगळा दिसतो. नकाशात नदीकडेने हिरवी पट्टी असते आणि तिच्यावर ‘सार्वजनिक रस्ता’ असे लिहिलेले असते. जागेवर मात्र त्या पट्टीकडे जाणारा रस्ता सोसायटीच्या मुख्य फाटकातून, पहारेकऱ्याच्या केबिनसमोरून जातो. तिथे वहीत नाव, फ्लॅट क्रमांक आणि ‘कुणाकडे जायचंय?’ याचे उत्तर लिहावे लागते. नदीकडे जायचे आहे, हे उत्तर त्या वहीत बसत नाही. कायद्याने कुणी अडवलेले नसते, तरी पलीकडच्या वस्तीतल्या मुलाला तो काठ कधी दिसत नाही. सार्वजनिक टप्प्यात ही अडचण येत नाही. तिथे अडचण देखभालीची असते, कारण उद्घाटनासाठी तरतूद होते, पण पाचव्या वर्षीच्या दिव्यांसाठी, जलपर्णी काढण्यासाठी आणि झाडांच्या पाण्यासाठी ती होईलच असे नाही.

आपल्याकडे तिसरी वाटही आहे. मगरपट्टा सिटीत सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली जवळपास ४०० एकर जमीन एकत्र केली, स्वतःची कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात भाग घेतले. जमीन विकून बाहेर पडण्याऐवजी ते भागधारक राहिले, आणि नगररचना सलग झाल्याने रस्ते तुटक राहिले नाहीत. नदीकाठी छोटे छोटे सातबारे असतील तिथे ही वाट दोन्ही टोकांपेक्षा चांगली आहे. एकाच मालकाच्या मोठ्या कारखान्याच्या जमिनीला ती लागू पडत नाही.

तेव्हा निवड कशी करावी? भूखंड मोठा असेल, निळ्या रेषेला लागून असेल आणि शेजारीही असेच भूखंड मोकळे होणार असतील, तर पूररेषेतली आणि काठाची पट्टी महापालिकेने घ्यावी, उरलेली जमीन एकत्र आखून टप्प्याटप्प्याने भाडेपट्ट्याने द्यावी आणि इमारतींचे काम विकसकांवर सोडावे. भूखंड लहान असेल, लाल रेषेच्याही बाहेर असेल आणि जुनी शेड टिकवण्याजोगी असेल, तर महापालिकेची वाट पाहू नये. अशा जागी मालकानेच केलेला पुनर्वापर लवकर होतो आणि इमारतही वाचते.

प्रत्यक्षात बहुतेक जागा मालकाच्याच असतात आणि प्रस्ताव खासगीच येतो. विकास आराखड्यातल्या फेरबदलाची सूचना महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली प्रसिद्ध झाली, की हरकतीसाठी एक महिना मिळतो. त्या महिन्यात तीन गोष्टी लेखी मागाव्यात: दोन्ही पूररेषा आणि प्रस्तावित भराव एकाच नकाशावर दाखवलेले असावेत, मातीच्या तपासणीचा अहवाल परवानगीच्या आधी जाहीर व्हावा, आणि काठाचा रस्ता सोसायटीच्या फाटकाबाहेरून, थेट सार्वजनिक रस्त्यापासून आखलेला असावा. त्या रस्त्याचा ताबा महापालिकेला मिळाल्याशिवाय पहिल्या इमारतीलाही भोगवटा पत्र देऊ नये, अशी अट मंजुरीच्या आदेशातच घालून घ्यावी, कारण इमारतीत लोक राहायला आल्यावर ती अट पाळून घेण्याचे कोणतेही साधन महापालिकेच्या हातात उरत नाही.