आच्छादनाचे आठ महिने: मातीत झालेला बदल

गेले आठ महिने मी भाजीच्या दोन वाफ्यांवर वाळलेली पाने आणि पेंढा यांचे आच्छादन वापरत आहे. शेजारचा तिसरा वाफा मुद्दाम उघडा ठेवला होता, आणि खरा फरक कळला तो त्याच्यामुळेच. उघड्या वाफ्याची माती पाणी दिल्यावर दुसऱ्याच दिवशी पांढुरकी पडून कडक पापुद्रा धरत असे. आच्छादनाखाली बोट घातले तर चौथ्या दिवशीही ओल हाताला लागायची. पावसाचा थेंब पानांवर फुटत असल्यामुळे मातीचे कण विस्कटून छिद्रे बुजत नाहीत, आणि टोमॅटोच्या खालच्या पानांवर चिखल उडत नसल्याने करप्याचे डागही कमी दिसले.

सुरुवातीला मात्र माझे चुकले. जास्त घातले तर जास्त फायदा, या समजुतीने मी १५ सेंटिमीटरचा थर थेट बुंध्याला टेकवून घातला आणि सततच्या ओलीने दोन वांग्यांची खोडे कुजली. तेव्हापासून थर ५ ते ७ सेंटिमीटर आणि बुंध्याभोवती चार बोटे जागा मोकळी, हे प्रमाण मी सोडलेले नाही. ताजे कापलेले गवत जाड पसरले, तर ते चिकटून तापते आणि त्याला आंबूस वास येतो. म्हणून ते वाळवूनच वापरावे. लाकडाचा भुसा वरच राहू द्यावा, कारण तो मातीत कालवला की त्याला कुजवणारे जिवाणू मातीतले नत्र ओढून घेतात आणि रोपे पिवळी पडतात.

सहाव्या महिन्यात एका कोपऱ्यातला थर उचलून पाहिला. तळाच्या पानांच्या नुसत्या शिरांच्या जाळ्या उरल्या होत्या, त्यांत बुरशीचे पांढरे तंतू पसरले होते, खाली गांडुळांच्या विष्ठेच्या बारीक गोळ्या होत्या, आणि खुरपे जोर न लावता मुठीपर्यंत आत गेले. हे दृश्य मला पाण्याच्या बचतीपेक्षाही मोलाचे वाटते.

बियांपासून उगवणारे तण जवळजवळ थांबले. लव्हाळा मात्र गाठींच्या बळावर थर भेदून वर येतो, तो उपटावाच लागतो. पावसाळ्यात गोगलगायी आडोशाला येतात, त्या संध्याकाळी वेचाव्या लागतात. थर कुजून खाली बसत असल्याने दर दोन-तीन महिन्यांनी भर घालतो. तिसऱ्या वाफ्यात नुकतेच गाजर पेरले आहे. रोपे चार बोटे वर आली की तोही झाकणार आहे.