चुंबक, गोळ्या की शॉक?

नैराश्यावरच्या टीएमएसचं, म्हणजे डोक्यावरून चुंबकीय ठोके देऊन मेंदू चेतवण्याच्या उपचाराचं, नाव काढलं की घरचे आधी विचारतात, "म्हणजे शॉक देणार का?" नाही. शॉकमध्ये, म्हणजे ईसीटीत, भूल देऊन मेंदूत मुद्दाम आकडी आणतात. टीएमएसमध्ये तुम्ही खुर्चीत जागे असता, कानात बोळे, आणि डोक्याला टेकवलेली कॉइल सुतारपक्ष्यासारखी टकटक करते. पहिल्या दिवशी ठोक्याचा जोर हळूहळू वाढवत उजव्या हाताचा अंगठा कधी उडतो ते बघतात. त्यावरून तुमचा डोस ठरतो. मग कॉइल काही सेंटिमीटर पुढे सरकते, कपाळाच्या डाव्या वरच्या भागाकडे. उठलात की थेट कामावर जाता येतं.

गोळ्यांपुढे याची खरी अडचण वेळेची. आठवड्यातून 5 दिवस, 4 ते 6 आठवडे जावं लागतं. थीटा बर्स्ट या नव्या पद्धतीत ठोके 3 मिनिटांत संपतात, पण रोजची फेरी काही चुकत नाही. गोळ्यांनाही गुण यायला 4 ते 6 आठवडे लागतात, मात्र त्या घरी बसून घेता येतात. उलट मळमळ, वाढतं वजन, मंदावलेली कामेच्छा हे गोळ्यांचे त्रास इथे नाहीत. डोकं दुखतं, टाळू हुळहुळते, तेही बहुतेकदा पहिल्या आठवड्यात. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि उपकरणांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने, 2008 मध्ये टीएमएसला मान्यता दिली तीही औषधाने गुण न आलेल्या नैराश्यासाठीच. म्हणून एकही गोळी न घेता थेट मशीनकडे धावणं मला पटत नाही. दोन औषधं पुरेशा डोसमध्ये घेऊन झाली असतील, तर मात्र जरूर विचारा.

पेशंटने जेवण सोडलंय, भास होतायत, जीव द्यायची भाषा चाललीय, तर आठवडे मोजत बसू नका. तिथे ईसीटीच जास्त जोरकस आणि लवकर लागू पडते. साधारण 6 ते 12 वेळा देतात. उपचाराच्या आसपासच्या काही आठवणी पुसट होतात, ही तिची किंमत.

आणि नुसती चिंता असेल तर? 2021 मध्ये एफडीएने नैराश्यासोबतच्या चिंतेसाठी खोलवर पोचणाऱ्या कॉइलला मान्यता दिली. एकट्या चिंतेसाठी पुरावा अजून तोकडा आहे. सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी बोलण्याची थेरपी, आणि औषधं आधी.

कानात कॉक्लिअर इम्प्लांट किंवा मेंदूत धातूची क्लिप असेल, तर टीएमएसचा विषय तिथेच संपतो. पूर्वी कधी फिट आली असेल तर तेही लपवू नका. उपचारादरम्यान फिट येण्याचा धोका हजारात एकाहून कमी असला, तरी अशांना तो वाढतो.